वार्तापत्रातून वगळलेलं

यंदा तंबू मिळाला शौचालयाला लागून.
मोठ्या कुळांना मेपलची सावली.
आम्ही मॅकव्हरिश, वर्गणी भरलेले एकतीस,
हजर चौदा, त्यातली दोन तान्ही.
हे मी छापणार आहे. एवढं खरं चालतं.

छापेन, की केप ब्रेटनवर सकाळी धुकं होतं
आणि अकराला उघडलं;
की ड्यूगल्डच्या नातीनं तलवारनाचात
घोट्याला पट्टी बांधून तिसरा नंबर काढला;
की ओटकेक संपले, शॉर्टब्रेड उरलं.
ओंडका फेकताना बेकरीवाल्या टॉरक्विलच्या
किल्टचं बकल तुटलं, आत चड्डी होती म्हणून निभावलं,
हे नाही छापणार. त्याची बायको खजिनदार आहे.

दुपारी दगडांच्या राशीपाशी नावं वाचतात,
वर्षभरात गेलेल्यांची. एका नावाला एक दगड.
वाचणारा लॉक्लन, गेली चाळीस वर्षं.
कोण कुठल्या जहाजातून उतरलं,
कुणाला वाटेत देवी आल्या,
कुणी कुणाच्या विहिरीत मेलेली मेंढी टाकली,
सगळं त्याला पाढ्यासारखं पाठ.

त्यानं मला तंबूमागे नेलं, जनरेटरपाशी,
जिथं बोललेलं कुणाला ऐकू जात नाही.
पाकिटातून कागद काढला, चार घड्यांचा.
हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरची नोंद:
मुलगा. वय नऊ. लिव्हरपूलचा अनाथाश्रम.
पेटी एक. मानेवर खरजेचे वण.
नाव स्टॅन्ली पोग.
शेतकामास दिला, हेक्टर मॅकव्हरिश यांस.

"हा माझा आजोबा," लॉक्लन म्हणाला.
"घरात नाही, गोठ्याच्या माळ्यावर वाढला.
आडनाव त्याला दिलं की त्यानंच उचललं,
कुठं लिहिलेलं नाही.
म्हणजे मी कुणाचाच नाही, एफी.
आणि यंदा झेंडा माझ्याकडे."

मी पोस्टात तीस वर्षं काढली.
पत्ता चुकलेलं पत्र
दोन-चार दारं ठोठावल्याशिवाय परत पाठवलं नाही.
पण वेळेवर शहाणं बोलणं मला जमत नाही.
जे बोलायचं ते रात्री सुचलं, थर्मास विसळताना:

की सरदाराच्या कुळातले आपण, असं आपण म्हणतो.
होतो ती त्याची कुळं.
त्याला खंड भरायचो, त्याच्यासाठी मरायचो.
मग मेंढीला भाव आला
आणि कुळानं कुळं काढली,
छपरं पेटवून, म्हाताऱ्यांना घोंगडीसकट बाहेर ठेवून.
रक्त तर एकच होतं म्हणे.

आणि की जुन्या भाषेत क्लॅन म्हणजे लेकरं,
हे पोरांना तूच शिकवतोस दरवर्षी.
कुणाची, ते त्या शब्दात नाही.

तेव्हा मात्र मी एवढंच म्हटलं,
"काठी जड आहे. खांद्याला पट्टा लाव."

त्यानं लावला.
बॅगपाइपवाली पोरं दमून बसली होती, एकाचं नाक फुटलेलं.
आठ नावं वाचली, आठ दगड पडले.
ओढ्यातून आम्ही आठच आणले होते, मोजून.
मग लॉक्लननं कागद खाली केला
आणि पाठ असल्यासारखं म्हणाला,
स्टॅन्ली पोग.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही, इतके सगळे बघत राहिले.
दगड नव्हता.
रुअरी, वय सहा, तंबूकडे पळाला,
कोपऱ्यावर ठेवलेला धोंडा पोटाशी धरून घेऊन आला,
वाटेत दोनदा खाली ठेवून.

मग दिवसभर तो कोपरा फडफडत होता,
कागदी बशा उडत होत्या शौचालयाच्या रांगेत.

ड्यूगल्डनं मला कोपरानं ढोसलं,
"हा पोग कुठल्या शाखेचा?"
"माळ्यावरच्या," मी म्हटलं.
त्यानं मान डोलावली, वहीत लिहून घेतलं.

छापेन: वाचलेली नावं नऊ.
वर्गणी थकलेल्यांनी सप्टेंबरपर्यंत भरावी.
पुढच्या वर्षी दगड जास्त आणावेत.